लोकसंख्या घटणाऱ्या पालिकेची 'वाढ' कशी लिहावी? क्लेअरच्या इतिहासाविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात फ्रेंच विषयात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील क्लेअर ही छोटी, फ्रेंचभाषक, ग्रामीण पालिका प्रबंधासाठी निवडली आहे आणि शीर्षक 'इतिहास आणि वाढ' असे मंजूर करून घेतले आहे. सनावळी त्यांना मिळाली. पण जनगणनेत २०११ साली ८,३१९, २०१६ साली ८,०१८ आणि २०२१ साली ७,६७८ असे आकडे दिसल्यावर 'वाढ' या प्रकरणात लिहायचे तरी काय, की पालिकाच बदलावी, असे त्यांनी विचारले आहे.

पालिका बदलू नका. गेली बावीस वर्षे मी कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांत ग्रामीण पालिकांच्या नियोजनाचे काम करते. जुने नकाशे आणि दप्तरे चाळणे, गावोगावच्या सभांना बसणे आणि पुढच्या वीस वर्षांत शाळा, पाणी, रस्ते यांचे काय होईल याचा आराखडा मांडणे हा माझा रोजचा व्यवहार आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुमची अडचण आकड्यांपेक्षा 'वाढ' या शब्दात आहे. शहराची वाढ आपण माणसांत आणि इमारतींत मोजतो, आणि तेच माप खेड्यांच्या समूहाला लावले की हाती फक्त उतरता आलेख लागतो. क्लेअरमध्ये पाहण्याजोगे आहे ते वेगळेच. इंग्रजी बहुसंख्य असलेल्या प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्या लोकांनी अडीचशे वर्षांत आधी जमीन, मग पॅरिश (म्हणजे चर्चभोवतीचा धर्मसमाज), मग मत, मग पालिका, मग महाविद्यालय आणि सर्वांत शेवटी शाळा, अशा एकेक संस्था आपल्या हातात आणल्या. माणसे कमी होत असतानाही हे काम थांबले नाही. तुमच्या प्रबंधाचा खरा विषय हा आहे, असे माझे मत आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. प्रबंध भाषाविभागासाठी असेल तर शाळा आणि बोली यांना अधिक पाने द्यावी लागतील. भूगोल किंवा समाजशास्त्राचे मार्गदर्शक असतील तर जमीन आणि मासेमारी यांना. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर सगळा भर छापील साधने, जनगणना आणि न्यायालयीन निकाल यांवर ठेवा, आणि लोकांच्या मनात काय आहे याविषयी फार ठाम विधाने करू नका. खाली जे लिहिते आहे ते या सर्व पर्यायांना उपयोगी पडेल अशा बेताने लिहिते.

सुरुवात शब्दापासून करू. 'म्युनिसिपालिटी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नगरपालिका येते: बाजारपेठ, मुख्य चौक, वॉर्ड. क्लेअर तशी नाही. सुमारे ८५० चौरस किलोमीटरच्या प्रदेशावर पसरलेल्या अनेक गावांचा कारभार एकच निर्वाचित परिषद पाहते; आपल्याकडच्या कल्पनेने ती नगरपालिकेपेक्षा पंचायत समितीच्या जवळ जाणारी आहे. बे सँत-मारी या लांबट उपसागराच्या काठाने एक रस्ता जातो आणि सेंट बर्नार्ड, बेलिव्हो कोव्ह, ग्रोस कोक, चर्च पॉइंट, लिटल ब्रूक, कोमोव्हिल, सोल्निएव्हिल, मेटेगन ही गावे त्या रस्त्यावर अशी लागोपाठ येतात की एक कुठे संपले आणि दुसरे कुठे लागले, हे नवख्याला पाटी वाचूनच कळते. परिषदेचे कार्यालय लिटल ब्रूकमध्ये आहे, विद्यापीठ चर्च पॉइंटला, मोठे मासेमारी बंदर मेटेगनला. मध्यवर्ती शहर असे नाहीच. त्यामुळे प्रबंधात 'क्लेअर गाव' असा उल्लेख एकदाही येऊ देऊ नका. तेवढ्या एका चुकीने जाणकार वाचकाचा विश्वास उडतो.

ही गावे रस्त्याच्या कडेने अशी का पसरली, याचे उत्तर इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात आहे. सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेले, पुढे 'अकेडियन' म्हणून ओळखले गेलेले शेतकरी आजच्या नोव्हा स्कोशियातल्या पोर-रॉयल आणि ग्राँ-प्रेच्या परिसरात स्थिरावले. त्यांनी जंगल फारसे तोडले नाही. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीला मातीचे बांध घालून त्यांनी शेती उभी केली. बांधाच्या पोटात लाकडी मोरी आणि तिला बिजागरीची झडप असे. ओहोटीला आतले गोडे पाणी बाहेर जाई आणि भरतीला झडप आपोआप मिटून खारे पाणी अडे. या रचनेला ते 'आब्वातो' म्हणत. माझे बालपण रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात गेले. तिथली उघाडी आणि गोव्यातल्या खाजणाची, म्हणजे बांध घातलेल्या खारजमिनीची, मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना आब्वातो समजावून सांगावा लागत नाही. या दोन किनाऱ्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता, तरी भरती-ओहोटीने दोन्हीकडच्या माणसांना एकाच उत्तरापाशी आणले. मराठी वाचकासाठी लिहिताना ही तुलना जरूर वापरा, कारण ती खरी आहे.

१७१३ च्या उत्रेख्त तहाने हा मुलूख ब्रिटिशांकडे गेला आणि १७५५ पासून ब्रिटिशांनी अकेडियनांना हद्दपार करायला सुरुवात केली. पुढच्या सात-आठ वर्षांत दहा हजारांच्या आसपास माणसे जहाजांत कोंबून दक्षिणेकडच्या वसाहतींत, इंग्लंडात आणि फ्रान्सला पाठवली गेली. कित्येक वाटेत आणि रोगराईत गेली. १७६४ साली त्यांना परत येण्याची मुभा मिळाली, पण राजनिष्ठेची शपथ घ्यावी आणि लहान लहान गटांनी विखरून राहावे अशा अटींवर. तोवर त्यांच्या बांधलेल्या खाजणांवर न्यू इंग्लंडमधून आणलेले वसाहतकरी नांगर धरून बसले होते.

म्हणून क्लेअर. १७६८ साली लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल फ्रँकलिन यांनी बे सँत-मारीचा काठ परतणाऱ्या अकेडियनांसाठी राखून ठेवला आणि त्याला आयर्लंडमधल्या एका काउंटीचे (जिल्ह्याचे) नाव दिले. उपसागराचे नाव मात्र १६०४ साली शांप्लॅन या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेने ठेवलेले आहे, म्हणजे फ्रेंच लोकांच्या भूमीला इंग्रज अधिकाऱ्याने दिलेले आयरिश नाव, असा हा प्रकार. परंपरेने पहिला रहिवासी मानला जातो तो जोसेफ दुगा; १७६८ मध्येच तो पत्नी आणि लहान मुलीसह अनापोलिसकडून (म्हणजे जुन्या पोर-रॉयलकडून) जंगलातून चालत इथे आला. इथली जमीन खडकाळ, बांध घालण्याजोगे खाजण थोडेच. पहिल्या हिवाळ्यांत चिखलातले मोठाले शिंपले खाऊन लोक तगले, आणि 'ग्रोस कोक' या गावाच्या नावाचा अर्थच 'मोठे शिंपले' असा आहे. शेतकऱ्यांना मच्छीमार, लाकूडतोडे आणि सुतार व्हावे लागले. जमिनीचे वाटप समुद्रापासून आत जंगलाकडे जाणाऱ्या अरुंद, लांबलचक पट्ट्यांत झाले, जेणेकरून प्रत्येकाला किनारा, थोडे शेत आणि मागे सरपण मिळावे. पट्टे एकमेकांना लागून, घरे किनाऱ्यालगत, म्हणून गावे रस्त्याच्या दोरीत ओवल्यासारखी. आजच्या भूखंडनकाशावरही त्या पट्ट्यांच्या रेघा सहज ओळखू येतात. मी नव्या सहकाऱ्यांना क्लेअरची ओळख करून देते ती याच नकाशाने.

दुसरे प्रकरण पॅरिशचे, आणि ते एका माणसाभोवती फिरते. झाँ-मांदे सिगोन्य हे फ्रान्समधल्या तुरेन प्रदेशातले पाद्री. राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते इंग्लंडला गेले आणि तिथून १७९९ साली या किनाऱ्यावर आले; १८४४ मध्ये त्यांचे इथेच निधन झाले. पंचेचाळीस वर्षे एकाच जागी राहिलेल्या या माणसाने चर्च बांधली, मुलांना शिकवले, मीकमाक या मूळ रहिवाशांची भाषा आत्मसात केली आणि आल्याबरोबर गावकऱ्यांसाठी लेखी नियमावली करून आपापसातले तंटे गावातच मिटवण्याची व्यवस्था लावली. पुढे ते सरकारनियुक्त न्यायाधिकारीही झाले. ज्या समाजाला शासनाने कोणतीही संस्था दिलेली नव्हती, त्याला पहिली संस्था अशी मिळाली. सप्टेंबर १८२० च्या वणव्यात चर्च पॉइंटची चर्च आणि पाद्र्यांचे घरही जळाले. लोकांनी ते पुन्हा उभे केले.

इथे जरा थांबून तुम्हाला एक साधन दाखवते. या किनाऱ्यावरच्या जुन्या विवाहनोंदी वाचायला बसलात की वर-वधूच्या नावांखाली वारंवार एक वाक्य भेटते: तिसऱ्या किंवा चौथ्या अंशाच्या रक्तसंबंधामुळे असलेल्या अडथळ्यातून सूट देण्यात आली आहे, म्हणजे नात्यातल्या लग्नाला चर्चने परवानगी दिली आहे. आडनावेही तीच तीच: कोमो, सोल्निए, तिबोदो, बेलिव्हो, मेलांसाँ, दुगा, रोबिशो. सुरुवातीला मला ही नोंद केवळ धार्मिक उपचार वाटली होती. नंतर मी त्या सूटपत्रांची गावानुसार टिपणे काढू लागले, तेव्हा कोणत्या दशकात बाहेरून किती माणसे आली, कोणत्या गावाचे सोयरसंबंध कोणत्या गावाशी आहेत, हे जनगणनेपेक्षा स्पष्ट दिसू लागले. एकाच नावाची दहा माणसे गावात असल्यामुळे लोक बापाचे आणि आजोबाचे नाव जोडून माणूस ओळखतात, हेही ध्यानात ठेवा. आडनावावरून घराणे ठरवायला गेलात तर हमखास फसाल. विद्यापीठात अकेडियन इतिहासाला वाहिलेले एक अभिलेखागार आहे, तिथे नम्रपणे फ्रेंचमध्ये पत्र लिहा.

मत आणि पालिका हा भाग मी भरभर सांगते, कारण सनावळीत तो तुम्हाला मिळालाच आहे. नोव्हा स्कोशियात कॅथलिकांना मतदानाचा हक्क १७८९ मध्ये मिळाला. १८३६ साली प्रांताच्या विधानसभेवर पहिले दोन अकेडियन निवडून आले. त्यांपैकी फ्रेडरिक रोबिशो हे याच किनाऱ्याचे. १८३७ मध्ये डिग्बी काउंटी वेगळी झाली आणि क्लेअर तिचा एक भाग बनले. १८७९ साली प्रांतभर काउंट्यांना स्थानिक स्वराज्य देणारा कायदा झाला, तेव्हा डिग्बी काउंटीत एकच पालिका न होता डिग्बी आणि क्लेअर अशा दोन झाल्या. सनावळीत ही एक ओळ आहे, पण माझ्या मते सगळ्या इतिहासाचा कणा तीच आहे. त्या वर्षी क्लेअर शेजारच्या इंग्रजीभाषक भागात विलीन झाले असते, तर फ्रेंच बोलणारे लोक परिषदेत कायमचे अल्पमतात गेले असते. सीमा कोठे आखली जाते यावर भाषेचे भवितव्य किती अवलंबून असते, हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आणि बेळगावच्या प्रश्नाचा इतिहास माहीत असलेल्या मराठी माणसाला निराळे सांगायला नको.

आता शाळा. या प्रकरणाला सर्वांत जास्त पाने द्या. १८४१ च्या कायद्याने नोव्हा स्कोशियात फ्रेंच, जर्मन आणि गेलिक माध्यमाच्या शाळांना इंग्रजी शाळांच्या बरोबरीने अनुदान मिळू शकत होते. १८६४ मध्ये चार्ल्स टपर यांच्या सरकारने मोफत शिक्षणाचा कायदा आणला, आणि त्यात फ्रेंचला स्थानच ठेवले नाही. मोफत सार्वजनिक शाळा ही प्रगतीची गोष्ट होती, यात शंका नाही, पण क्लेअरच्या मुलासाठी तिचा अर्थ असा झाला की घरी एक भाषा आणि फळ्यावर दुसरी. व्यवहारात फ्रेंच बोलणारे शिक्षक आपल्या परीने तडजोड करीत. पाठ्यपुस्तके आणि परीक्षा मात्र इंग्रजीत. परिणामी कित्येक पिढ्या अस्खलित फ्रेंच बोलत आणि पत्र लिहायचे झाले की इंग्रजीत लिहीत. माझ्या कामातल्या सभांमध्ये मला हे अजून भेटते. वयस्क माणूस उठून फ्रेंचमध्ये ठासून बोलतो आणि सूचनेच्या कागदावर तीच गोष्ट इंग्रजीत लिहून देतो. त्याला फ्रेंच येत नाही असे नव्हे, त्याला ती कोणी लिहायला शिकवलीच नाही.

या पार्श्वभूमीवर १८९० हे वर्ष पाहा. त्या वर्षी अकेडियनांचे तिसरे राष्ट्रीय अधिवेशन चर्च पॉइंटला भरले, आणि त्याच वर्षी युडिस्ट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी तिथे सिगोन्य यांच्या स्मरणार्थ सँत-आन महाविद्यालय सुरू केले. सरकारी प्राथमिक शाळेत भाषेला जागा नसताना उच्च शिक्षणात ती मिळवायची, हा उलट्या टोकाचा मार्ग होता. १८९९ मध्ये इमारत आगीत गेली, पुन्हा बांधली. १९७७ साली त्याचे विद्यापीठ झाले, आणि २००३ मध्ये कोलेज द लाकादी हे फ्रेंच महाविद्यालय त्यात विलीन होऊन प्रांतभर त्याच्या शाखा झाल्या. आज नोव्हा स्कोशियातले ते एकमेव फ्रेंच भाषेतले विद्यापीठ आहे. साडेसात हजारांच्या वस्तीत विद्यापीठ असणे हे किती असाधारण आहे, याचा विचार करा. इथल्या शाळांना शिक्षक, प्रांताला फ्रेंच येणारे कर्मचारी आणि परिषदेला मसुदे लिहू शकणारी माणसे त्यातून मिळाली.

शाळेचा प्रश्न मात्र पुढे शंभर वर्षे रेंगाळला. १९८१ मध्ये प्रांताने अकेडियन शाळांना कायद्याने मान्यता दिली. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कसनदेच्या कलम २३ ने अल्पसंख्य भाषकांना आपल्या भाषेत शिक्षणाचा हक्क दिला, आणि १९९६ मध्ये प्रांतभरासाठी स्वतंत्र अकेडियन शाळामंडळ स्थापन झाले. तरीही फ्रेंच माध्यमाच्या माध्यमिक शाळा उघडायला सरकार चालढकल करीत राहिले. तेव्हा क्लेअरसह पाच ठिकाणच्या पालकांनी दावा लावला. २००० साली न्यायाधीशांनी शाळा पुऱ्या करण्याची मुदत घालून दिली आणि प्रगतीचा अहवाल घेऊन सरकारने आपल्यासमोर हजर राहावे असे सांगितले. न्यायालयाला असा पाठपुरावा करण्याचा अधिकार आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००३ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी पालकांच्या बाजूने निकाल लागला. दुसे-बुद्रो नावाने ओळखला जाणारा हा निकाल कॅनडाच्या घटनात्मक कायद्यात आजही शिकवला जातो. तो मुळातून वाचा. त्यात उशिराने भाषेचे होणारे नुकसान न्यायाधीशांनी नेमक्या शब्दांत मांडले आहे.

पण इथे एक बाजू लपवू नका. सगळेच पालक पूर्ण फ्रेंच शाळेच्या बाजूने नव्हते. 'मुलांचे इंग्रजी कच्चे राहील, मग नोकरी कुठे मिळेल' ही भीती या किनाऱ्यावर खरी होती आणि तिच्यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कटुता आली. महाराष्ट्रात मराठी शाळांविषयी होणारी चर्चा ज्यांनी घरात ऐकली आहे त्यांना त्या पालकांना दोष देणे जमणार नाही. त्यांचे म्हणणे न्याय्य शब्दांत मांडा, तरच दावा लावणाऱ्यांचे धैर्यही नीट दिसेल.

बोलीविषयी थोडे, कारण तुमचा विभाग फ्रेंचचा आहे. इथली बोली 'अकाजॉन' म्हणून ओळखली जाते. पुस्तकी फ्रेंचमध्ये 'आमच्याकडे आहे' हे 'नू झाव्हों' असे होते. इथे जुन्या पद्धतीने 'जाव्हों', म्हणजे 'मी' या सर्वनामाला अनेकवचनी क्रियापद जोडलेले रूप ऐकू येते. फ्रान्समध्ये आता फक्त पुस्तकांत उरलेला साधा भूतकाळ इथे वयस्कांच्या बोलण्यात जिवंत आहे. याला 'अशुद्ध' म्हणणाऱ्या शिक्षकांनी जेवढे नुकसान केले तेवढे, माझ्या मते, इंग्रजीनेही केले नाही. १९९० मध्ये सुरू झालेल्या सामुदायिक रेडिओने ही बोली थेट प्रसारणात आणली आणि तिची लाज कमी केली.

पोटापाण्याचा इतिहास वेगळे प्रकरण मागतो. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर लाकडी जहाजे बांधली जात. मागे जंगल आणि पुढे समुद्र असल्यामुळे सुतारकाम घरोघरी होते. लोखंडी आगबोटी आल्या, धंदा बसला, आणि तरुण मॅसॅच्युसेट्सच्या कारखान्यांकडे गेले. लोकसंख्येची गळती तेव्हापासूनची आहे, आजची नाही. पण सुतारकाम हातात राहिले. मेटेगन रिव्हर येथे १९३८ साली सुरू झालेली थेरियो यांची गोदी आजही बोटी बांधते, आणि १९४६ मध्ये सोल्निएव्हिलला सुरू झालेला कोमो यांचा मासळीप्रक्रियेचा कारखाना मोठा रोजगार देत आला आहे. त्याखेरीज शेवंड, म्हणजे लॉबस्टर. नोव्हा स्कोशियाच्या नैर्ऋत्य टोकाचा हा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होऊन ३१ मेपर्यंत चालतो, म्हणजे ऐन थंडीत. त्यामुळे परिषदेच्या सभा, लग्ने आणि घरबांधणी सारे याच वेळापत्रकाला धरून होते. बेलिव्हो कोव्हच्या धक्क्यावर ओहोटीला उभ्या राहा: सकाळी धक्क्याच्या उंचीला तरंगणाऱ्या बोटी दुपारी कित्येक मीटर खाली चिखलावर टेकलेल्या दिसतात आणि माणसे शिडीने उतरतात. समुद्राचे हे वेळापत्रक कळल्याशिवाय इथल्या कोणत्याही आराखड्याची तारीख मी ठरवत नाही. अलीकडच्या काळात मिंक या प्राण्याची फरसाठी पैदास करणारी शेतेही इथे वाढली, पण त्यांच्यामुळे तळ्यांचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी झाल्या आणि २०१३ नंतर भाव कोसळले. एकाच मालावर विसंबण्याचा तो धडा परिषदेला महागात पडला.

चर्चविषयीही लिहा, पण पर्यटनपुस्तिकेच्या थाटात नको. चर्च पॉइंटची सँत-मारी चर्च १९०३ ते १९०५ या काळात बांधली गेली. लाकडी चर्चमध्ये ती उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी मानली जाते आणि तिचा मनोरा सुमारे ५६ मीटर उंच आहे. काम लिओ मेलांसाँ या मिस्त्रीच्या हाताखाली झाले, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. समुद्रावरच्या वाऱ्यात मनोरा डोलू नये म्हणून त्याच्या पायाशी कित्येक टन दगडांचे वजन भरले आहे. सेंट बर्नार्डची चर्च ग्रॅनाइटची. तिला १९१० ते १९४२ अशी बत्तीस वर्षे लागली, कारण पॅरिशचे लोक पैसा आणि हात जमतील तसे थर चढवत गेले. अशा इमारती मी संस्थेच्या ताकदीचे मोजमाप म्हणून वाचते: किती लोक, किती वर्षे, एकाच कामाला बांधून घेऊ शकले?

राजकीय प्रतिनिधित्वाची गोष्ट तुमच्या 'वाढ' प्रकरणाचा शेवटचा टप्पा ठरू शकेल. १९९२ मध्ये प्रांताने क्लेअरला मतदारसंख्या कमी असूनही संरक्षित मतदारसंघ म्हणून ठेवले होते. २०१२ मध्ये ते संरक्षण काढून क्लेअर-डिग्बी असा जोड मतदारसंघ करण्यात आला. अकेडियन संघटना न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने ती प्रक्रिया मतदारांच्या घटनात्मक हक्काचा भंग करणारी ठरवली. २०२१ च्या निवडणुकीत क्लेअर पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ होता. आता वर्षे जुळवून पाहा. २०१६ ते २०२१ या ज्या पाच वर्षांत लोकसंख्या तीनशे चाळीसने घटली, त्याच पाच वर्षांत विधानसभेतले आसन परत आले. तुमच्या शीर्षकातली 'वाढ' आणि घटते आकडे यांच्यातली विसंगती इथे सुटते.

आकड्यांकडे परत येते. ते टाळू नका, पण तीन सावधगिऱ्या बाळगा. कॅनडाची जनगणना मातृभाषा आणि घरी सर्वाधिक बोलली जाणारी भाषा हे दोन प्रश्न वेगळे विचारते. क्लेअरचे चित्र या दोन आकड्यांतल्या फरकात आहे, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी मांडा. दुसरे, शिक्षणासाठी बाहेर राहून सुट्टीत घरी परतणारे विद्यार्थी आईवडिलांच्या पत्त्यावर मोजले जातात, त्यामुळे विद्यापीठात फ्रेंच शिकायला येणारी मुले इथल्या दुकानांत, रस्त्यांवर आणि घरांत दिसतात, पण क्लेअरच्या लोकसंख्येत नसतात. तिसरे, एकूण आकड्याबरोबर वयोगट पाहा. तरुण कुटुंबांचे येणे-जाणे हाच परिषदेच्या पुढचा खरा प्रश्न आहे, आणि म्हणूनच फ्रेंचभाषक स्थलांतरितांना सामावून घेण्यासाठी केंद्र सरकारने देशभरातून निवडलेल्या चौदा समाजांत क्लेअरचा समावेश झाला. आफ्रिकेतून आणि युरोपातून आलेली फ्रेंचभाषक कुटुंबे आता या शाळांत आहेत. ती 'अकेडियन' होतील की 'क्लेअरचे फ्रेंचभाषक' राहतील, हा प्रश्न तुम्ही विचारलात तर प्रबंध पुढे नेणारा ठरेल.

सोयीसाठी मांडणीचा क्रम पुन्हा सांगते: हद्दपारी आणि पट्ट्यांची जमीन, सिगोन्य आणि पॅरिश, १८७९ ची सीमा, १८६४ ते २००३ चा शाळेचा लढा, समुद्रावरचा रोजगार, आणि मग आजचे आकडे. आकडे सुरुवातीला ठेवलेत तर वाचक ऱ्हासाची कथा वाचायला बसेल. शेवटी ठेवलेत तर ते कोणत्या पायावर उभे आहेत हे त्याला कळलेले असेल.

शेवटच्या प्रकरणासाठी एक प्रसंग सुचवते. सँत-मारी चर्चमधली नियमित प्रार्थना २०१९ पासून बंद आहे. छप्पर गळते, आणि दुरुस्तीचा खर्च आटोक्याबाहेर गेल्याने इमारतीचे काय करावे हा प्रश्न लोकांना छळतो आहे. तिच्या शेजारीच विद्यापीठ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जागतिक अकेडियन संमेलन याच भागात भरले आणि हद्दपारीत जगभर पांगलेल्या घराण्यांचे वंशज आपापल्या आडनावांच्या मेळाव्यांसाठी इथे आले. बंद चर्च आणि भरलेले मेळावे, दोन्ही एकाच रस्त्यावर होते. या दोन्हींची टिपणे एकाच पानावर घ्या. आराखडा तयार झाला की पाठवा. भूखंडनकाशाची जी प्रत कामासाठी वापरते ती कशी मिळवायची, हे मी तेव्हा सविस्तर लिहीन.